‘विल बी’च्या पुढचे प्रिपोझिशन पुन्हा पुन्हा चुकते : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

जळगावातील एका छापखान्यात छपाईला जाण्यापूर्वी इंग्रजी मजकूर वाचून देण्याचे काम मी करतो. पतसंस्थांच्या सभेच्या नोटिसा, शाळा-महाविद्यालयांची परिपत्रके, उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका, रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्यांची पत्रे, ठिबक आणि पाइप विकणाऱ्यांची हमीपत्रे असा हा मजकूर असतो. या सगळ्या कागदांत एक गोष्ट समान असते. काहीतरी पुढे होणार असते, आणि ते कोण करणार यापेक्षा काय होणार हे सांगायचे असते. त्यामुळे ‘विल बी’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप ही रचना प्रत्येक कागदावर भेटते, आणि प्रिपोझिशनचा (‘ऑन’, ‘बाय’, ‘टिल’ अशा जोडशब्दाचा) दोषही जवळजवळ ठरलेल्या जागी, म्हणजे तिसऱ्या रूपाच्या लगेच पुढे, सापडतो.

एकदा दुरुस्त केलेला हा दोष त्याच माणसाच्या पुढच्या कागदावर परत येतो, याचे कारण माझ्या मते शाळेतल्या शिकवणीत आहे. आपण पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) शिकलो ते कर्ता आणि कर्म यांची उलटापालट करून. त्या प्रत्येक सरावात शेवटी ‘बाय’ येत असे, आणि पॅसिव्ह म्हणजे ‘बाय’ ही गाठ तेव्हाच पक्की बसली. प्रत्यक्षात ‘विल बी’ला स्वतःचे कोणतेही प्रिपोझिशन नसते. तिसऱ्या रूपापुढे जे प्रिपोझिशन दिसते ते एकतर त्या क्रियापदाचे असते, किंवा पुढे येणाऱ्या वेळेचे वा जागेचे असते, किंवा काम करणाऱ्याचे असते. खालच्या तपासण्यांमागे हा एकच प्रश्न आहे : हे प्रिपोझिशन कोणाचे? ‘विल बी’च्या जागी ‘शॅल बी’, ‘इज टू बी’ किंवा ‘विल हॅव बीन’ आले तरी या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही.

लक्षणे

हा दोष लिहिणाऱ्याला दिसत नाही, कारण वाक्य मनातल्या मराठीशी तंतोतंत जुळत असते. नेहमी भेटणारे नमुने असे आहेत.

‘द मीटिंग विल बी हेल्ड ऑन टुमॉरो.’
‘द फॉर्म्स विल बी सबमिटेड टिल मंडे.’
‘द ऑफिस विल बी क्लोज्ड सिन्स मंडे.’
‘द लोन केसेस विल बी डिस्कस्ड अबाउट.’
‘द फंक्शन विल बी प्रिसायडेड बाय द प्रिन्सिपॉल.’
‘द फार्मर्स विल बी एक्सप्लेन्ड द स्कीम.’
‘द शोरूम विल बी इनॉगरेटेड ॲट द हँड्स ऑफ द चीफ गेस्ट.’

यांपैकी काहींत प्रिपोझिशन जास्तीचे आहे, काहींत हवे ते गळले आहे आणि काहींत एकाच्या जागी दुसरे आले आहे. जास्तीचे किंवा गळलेले प्रिपोझिशन वाचणाऱ्याला खटकते, पण अर्थ पोहोचतो. बदललेले प्रिपोझिशन मात्र धोक्याचे असते, कारण कित्येकदा वाक्य इंग्रजी म्हणून निर्दोष राहते आणि तारीख किंवा जबाबदारी तेवढी बदलते. संगणकावरचे व्याकरण तपासणारे साधन पहिल्या दोन प्रकारांतले बरेच दोष पकडते, पण तिसऱ्या प्रकारात ते बहुधा गप्प बसते, कारण त्याला आपल्या मनातली तारीख ठाऊक नसते.

पहिली तपासणी : रचना खरोखर पॅसिव्ह आहे का

हिला अर्धा मिनिटही लागत नाही. ‘विल’नंतर ‘बी’ आहे आणि ‘बी’नंतर तिसरे रूप आहे, एवढेच पाहायचे. ‘विल हेल्ड’ आणि ‘विल बी होल्ड’ हे दोन्ही नमुने अजूनही नियमाने येतात, आणि पाया असा कच्चा असताना पुढच्या प्रिपोझिशनवर वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

हे पाहण्याचे दुसरे कारण असे की काही वाक्ये पॅसिव्हसारखी दिसतात पण एखादी स्थिती सांगतात. ‘विल बी इंटरेस्टेड इन’, ‘विल बी सॅटिस्फाइड विथ’, ‘विल बी नोन फॉर’ यांतील तिसरे रूप विशेषणासारखे वागते आणि आपले प्रिपोझिशन बरोबर घेऊन येते. तेथे कर्ता शोधून ‘बाय’ बसवू नये. ‘नोन’ या एका शब्दापुढे ‘फॉर’ आले तर कशासाठी प्रसिद्ध, ‘ॲज’ आले तर कोणत्या नावाने, आणि ‘टू’ आले तर कोणाला परिचित, असे तीन वेगळे अर्थ होतात. अशा जोड्या तर्काने सुटत नाहीत, त्या शब्दकोशात पाहाव्या लागतात.

दुसरी तपासणी : वेळेच्या शब्दाला प्रिपोझिशन चालते का

‘टुमॉरो’, ‘टुनाइट’, आणि ज्यांच्या आधी ‘नेक्स्ट’, ‘धिस’ किंवा ‘एव्हरी’ आहे असे वेळेचे शब्द यांच्याआधी ‘ऑन’, ‘इन’, ‘ॲट’ येत नाही. ‘ऑन संडे’ बरोबर, ‘नेक्स्ट संडे’ बरोबर, ‘ऑन नेक्स्ट संडे’ चूक. येथे फक्त खोडायचे असते, म्हणून ही तपासणी इतक्या लवकर घेतली आहे. उरलेल्या वेळांसाठी नियम सर्वांना माहीत असतो : घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’. नियम पाठ असूनही घोटाळा होतो तो वेळेचे दोन तुकडे एकत्र आल्यावर. ‘इन द मॉर्निंग’ असते, पण वार जोडला की ‘ऑन संडे मॉर्निंग’ होते, कारण आता निर्णय वाराच्या हाती जातो.

मराठीतला ‘पासून’ येथे दोन प्रकारे फसवतो. ‘सोमवारपासून कार्यालय बंद राहील’ हे लिहिताना ‘सिन्स मंडे’ सुचते. पण ‘सिन्स’ मागे घडून गेलेल्या क्षणापासून मोजतो, त्यामुळे पुढच्या गोष्टीसाठी ‘फ्रॉम मंडे’ हवे. दुसरा प्रकार प्रवेशाच्या परिपत्रकात दिसतो : ‘ॲडमिशन्स विल बी स्टार्टेड फ्रॉम वन जून’. सुरू होणे ही त्या एका दिवशी घडणारी गोष्ट आहे, म्हणून प्रमाण इंग्रजीत ‘विल बिगिन ऑन’ लिहितात. पुढे चालत राहणारी स्थिती सांगायची असेल, जसे ‘विल बी ओपन फ्रॉम’, तर ‘फ्रॉम’ योग्य ठरते.

तिसरी तपासणी : वाक्य उलटवून पाहणे

ज्याने ही सवय लावून घेतली त्याचे निम्मे दोष आपोआप जातात असा माझा अनुभव आहे. पॅसिव्ह वाक्याला आधी साध्या कर्तरी वाक्यात आणावे, ‘वुई विल’ने सुरुवात करावी आणि क्रियापद व त्याचे कर्म यांच्यामध्ये काही येते का ते पाहावे. ‘वुई विल डिस्कस द लोन केसेस’ यात मध्ये काहीच नाही, म्हणून पॅसिव्हमध्येही काही नको : ‘द लोन केसेस विल बी डिस्कस्ड ॲट द मीटिंग’. आपल्याकडे ‘कर्जप्रकरणांवर’ किंवा ‘प्रकरणांबद्दल’ चर्चा होते, आणि तो ‘बद्दल’ ‘अबाउट’ होऊन चिकटतो. याच रांगेत ‘विल बी एम्फसाइज्ड ऑन’, ‘विल बी डिस्क्राइब्ड अबाउट’, ‘विल बी रिक्वेस्टेड फॉर’ आणि ‘विल बी ऑर्डर्ड फॉर’ येतात. शेवटच्या दोघांबाबत थोडे जपून राहावे. वाक्य मागवलेल्या वस्तूपासूनच सुरू होत असेल तर ‘फॉर’ नको. पण वस्तू कोणासाठी मागवली हे सांगायचे असेल, जसे ‘द टिफिन्स विल बी ऑर्डर्ड फॉर द गेस्ट्स’, तर तो ‘फॉर’ पाहुण्यांचा आहे आणि राहिलाच पाहिजे.

उलट दिशेचा दोष जास्त हट्टी असतो. काही क्रियापदांना स्वतःचे प्रिपोझिशन असते आणि कर्म वाक्याच्या आरंभी गेले तरी ते क्रियापदालाच धरून राहते. ‘द प्रिन्सिपॉल विल प्रिसाइड ओव्हर द फंक्शन’ हे वाक्य उलटवले की ‘द फंक्शन विल बी प्रिसायडेड ओव्हर बाय द प्रिन्सिपॉल’ असे होते. ‘ओव्हर’ आणि ‘बाय’ शेजारी आलेले पाहून छपाईच्या आदल्या दिवशी कोणीतरी एक शब्द हमखास काढतो, आणि काढतो तो बहुधा ‘ओव्हर’. वास्तविक दोन्ही शब्दांना वेगळे धनी आहेत, एकाला क्रियापद आणि दुसऱ्याला अध्यक्ष, म्हणून दोघेही राहतात. ‘विल बी डेल्ट विथ बाय द मॅनेजर’, ‘विल बी पेड फॉर बाय द कंपनी’, ‘विल बी लुक्ड आफ्टर बाय’ ही सगळी वाक्ये बरोबर आहेत. ती कानाला जड वाटत असतील तर प्रिपोझिशन तोडू नये, वाक्य कर्तरी करावे. ‘द प्रिन्सिपॉल विल प्रिसाइड’ एवढे लिहिले तरी निमंत्रणपत्रिकेचा मान कमी होत नाही.

जेथे कर्ता सांगितलेलाच नसतो तेथे हे प्रिपोझिशन वाक्याच्या टोकाला लोंबते आणि अधिक सहज गळते. कार्यालयीन पत्रांत ‘युवर ॲप्लिकेशन विल बी डिस्पोज्ड विदिन थर्टी डेज’ हे वाक्य मी सतत पाहतो. अर्ज ‘डिस्पोज्ड ऑफ’ होतो, म्हणजे निकाली निघतो; ‘ऑफ’ नसताना ते वाक्य अपुरे राहते. ‘विल बी कम्प्लाइड विथ’, ‘विल बी अटेंडेड टू’ आणि ‘विल बी लुक्ड इन्टू’ यांची गत हीच. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये अशी समजूत काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनात बिंबवली आहे. या रचनेत ती पाळली तर वाक्य मोडते.

चौथी तपासणी : ‘बाय’, ‘टिल’, ‘विदिन’ आणि ‘विथ’

येथून काम अवघड होते, कारण आता डोळ्यांना दोष दिसत नाही आणि अर्थ विचारावा लागतो. सर्वांत जास्त नुकसान करणारा शब्द आपला ‘पर्यंत’ आहे. मराठीत ‘सोमवारपर्यंत अर्ज द्यावेत’ आणि ‘सोमवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ या दोन्ही वाक्यांत तो एकच शब्द चालतो. इंग्रजी येथे दोन वाटा करते. एखादी गोष्ट त्या वेळेच्या आत केव्हातरी एकदा पूर्ण व्हायची असेल तर ‘बाय’, आणि एखादी स्थिती किंवा काम त्या वेळेपर्यंत अखंड चालू राहायचे असेल तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. म्हणून ‘द फॉर्म्स विल बी सबमिटेड बाय मंडे’, पण ‘द ऑफिस विल बी क्लोज्ड अनटिल मंडे’.

हा भेद किती महाग पडू शकतो ते गिरणेच्या कालव्याच्या आवर्तनाच्या उदाहरणावरून पाहावे. समजा, एखाद्या पाणीवाटप संस्थेने इंग्रजीत सूचना काढली : ‘वॉटर विल बी रिलीज्ड इन्टू द कॅनॉल अनटिल ट्वेंटी फेब्रुवारी’. याचा अर्थ पाणी सध्या सुटत आहे किंवा सुटणार आहे आणि २० फेब्रुवारीला ते थांबेल. त्याच जागी ‘बाय’ लिहिले तर पाणी अजून सुटलेले नाही, उशिरात उशिरा २० फेब्रुवारीला सुटेल, असा अर्थ होतो. दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत. पण एक वाचून शेतकरी आजच गव्हाला पाणी भरून घेईल आणि दुसरे वाचून तो वाट पाहत बसेल. या ठिकाणी मी मजकूर देणाऱ्याला मराठीत एकच प्रश्न विचारतो : ‘त्या तारखेच्या आत एकदा होणार, की त्या तारखेपर्यंत चालू राहणार?’ उत्तर ‘च्या आत’ असे आले की ‘बाय’, आणि ‘चालू राहणार’ असे आले की ‘अनटिल’. एका शब्दाचा विशेष उल्लेख करायला हवा, तो म्हणजे ‘ॲक्सेप्टेड’. अर्ज स्वीकारण्याचे काम खिडकी उघडी असेपर्यंत चालू असते, म्हणून ‘ॲप्लिकेशन्स विल बी ॲक्सेप्टेड अनटिल थर्टी-फर्स्ट मार्च’ हे योग्य आहे. अर्ज देणाऱ्याच्या बाजूने मात्र ‘सबमिटेड बाय’ लागते. एकाच नोटिशीत दोन्ही येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

शेवटचा दिवस धरायचा की नाही याविषयी वाद नको असेल तर ‘बाय’च्या जागी ‘ऑन ऑर बिफोर’ लिहावे. सभासदांची यादी, लिलावाची अनामत रक्कम, परीक्षेचे शुल्क अशा भांडणाला जागा असलेल्या बाबतींत मी हा बदल सुचवतो.

‘तीन दिवसांत’ हे शब्दही असेच दुहेरी आहेत. आपल्याला त्यातून ‘तीन दिवसांच्या आत केव्हाही’ असे म्हणायचे असते, पण ‘विल बी डिलिव्हर्ड इन थ्री डेज’ वाचणारा इंग्रज बहुधा ‘आजपासून तीन दिवसांनी’ असे समजतो. मुदत सांगायची असेल तर ‘विदिन थ्री डेज’ लिहावे. टिश्यूकल्चर केळीच्या रोपांच्या पावतीवर या एका शब्दामुळे गिऱ्हाईक लागवडीची तयारी करून आधीच दारात उभे राहू शकते, किंवा रोपे घरी येऊन पडलेली असताना गिऱ्हाईक गावाला गेलेले असू शकते.

आता माणसाच्या ‘बाय’कडे वळू. ‘ने’, ‘कडून’, ‘मार्फत’ आणि ‘द्वारे’ या सगळ्यांना एकच ‘बाय’ लावण्याकडे कल असतो. काम करणारा असेल तर ‘बाय’, हातातले साधन किंवा वापरलेला माल असेल तर ‘विथ’, आणि मधला दुवा असेल तर ‘थ्रू’, असे वाटून घ्यावे : खड्डा ठेकेदाराकडून मुरमाने भरला जाणार असेल तर ‘विल बी फिल्ड विथ मुरूम बाय द कॉन्ट्रॅक्टर’. पैसे देण्याच्या पद्धतीला ‘बाय चेक’, ‘बाय आरटीजीएस’ असे आर्टिकलशिवाय ‘बाय’ चालते, पण रोख रकमेला ‘इन कॅश’ लागते आणि हप्त्यांना ‘इन टू इन्स्टॉलमेंट्स’.

निमंत्रणपत्रिकांतील ‘यांच्या शुभहस्ते’ हा खानदेशात, आणि खरे तर सगळ्या महाराष्ट्रात, नित्याचा विषय आहे. तो ‘ॲट द हँड्स ऑफ’ असा इंग्रजीत जातो आणि कित्येकदा ‘ऑस्पिशस’ हे विशेषणही लावून घेतो. प्रमाण इंग्रजीत हा शब्दसमूह मुख्यतः कोणाकडून छळ, त्रास किंवा पराभव सोसावा लागला हे सांगताना येतो, त्यामुळे परप्रांतातल्या पाहुण्याला ‘इनॉगरेटेड ॲट द हँड्स ऑफ’ विचित्र वाटते. ‘विल बी इनॉगरेटेड बाय’ एवढेच पुरे आहे. गिऱ्हाईक हे सहजासहजी मान्य करत नाही, साहेबांचा मान राहणार नाही अशी भीती त्याला असते. अशा वेळी नावाआधीचे पद आणि आदरार्थी शब्द पूर्ण लिहून मान तेथे द्यावा, प्रिपोझिशनवर त्याचा भार टाकू नये.

कर्ता सांगायची गरज नसेल तर ‘बाय’ गाळणेच चांगले. ‘बाय अस’ आणि ‘बाय द सोसायटी’ हे नोटिशीच्या शीर्षकावरून कळतच असते. अपवाद पैशांचा : ‘द ट्रान्सपोर्ट कॉस्ट विल बी बोर्न’ एवढ्यावर वाक्य थांबले तर भाडे कोणी द्यायचे हा प्रश्न उघडा राहतो, आणि तेथे ‘बाय द बायर’ हाच त्या वाक्याचा जीव असतो.

पाचवी तपासणी : वाक्य माणसापासून सुरू होते की वस्तूपासून

काही क्रियापदे एकच घटना दोन बाजूंनी सांगू देतात आणि बाजू बदलली की प्रिपोझिशन बदलते. केळीच्या पत्रव्यवहारात याचे उत्तम उदाहरण सापडते. घड केंद्रस्थानी असतील तर ‘द बनानाज विल बी लोडेड ऑन्टू द ट्रक’, आणि ट्रक केंद्रस्थानी असेल तर ‘द ट्रक विल बी लोडेड विथ बनानाज’. ‘द ट्रक विल बी लोडेड ऑन बनानाज’ असे कोणी लिहिले तर ट्रक केळींवर चढतो, आणि असे वाक्य मी पाहिलेले आहे. फवारणीचे तसेच आहे : औषध ‘विल बी स्प्रेय्ड ऑन द क्रॉप’, पण पीक ‘विल बी स्प्रेय्ड विथ’ औषध. बँकेच्या पत्रात रक्कम ‘विल बी क्रेडिटेड टू युवर अकाउंट’, आणि खात्यापासून सुरुवात केली तर खाते ‘विल बी क्रेडिटेड विथ द अमाउंट’. ‘खात्यात’ या शब्दातल्या ‘त’मुळे ‘इन’ लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. वह्या ‘विल बी प्रोव्हाइडेड टू द स्टुडंट्स’, तर विद्यार्थी ‘विल बी प्रोव्हाइडेड विथ नोटबुक्स’.

‘गिव्ह’चा स्वभाव वेगळा आहे. बक्षीस ‘विल बी गिव्हन टू द विनर’, पण विजेत्यापासून वाक्य सुरू केले तर ‘द विनर विल बी गिव्हन अ प्राइझ’, मध्ये काहीही नाही. ही सवलत पाहून लोक ‘एक्सप्लेन’लाही तीच लावतात आणि ‘द फार्मर्स विल बी एक्सप्लेन्ड द स्कीम’ तयार होते. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’ आणि ‘अनाउन्स’ यांना माणूस थेट कर्म म्हणून चालत नाही, म्हणून योजनेपासूनच सुरुवात करावी लागते : ‘द स्कीम विल बी एक्सप्लेन्ड टू द फार्मर्स’. याउलट कळवणे या अर्थाच्या ‘टेल’ आणि ‘इन्फॉर्म’ यांना माणूसच हवा आणि त्याच्या आधी ‘टू’ नको. प्रमाण मराठीतला ‘ला’ असो की आपल्या अहिराणीतला ‘ले’, तो कानावर पडला की हात ‘टू’कडे जातो, आणि ‘इट विल बी इन्फॉर्म्ड टू ऑल मेंबर्स’ असे वाक्य तयार होते. ‘ऑल मेंबर्स विल बी इन्फॉर्म्ड’ लिहावे. कशाविषयी हे सांगायचे असेल तर पुढे ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’ जोडावे. ज्यांना वस्तूपासूनच सुरुवात करायची आहे त्यांनी ‘विल बी कम्युनिकेटेड टू’ वापरावे.

या तपासणीसाठी शब्दकोश जवळ असावा, पण इंग्रजी-मराठी नव्हे. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात प्रत्येक क्रियापदाखाली त्याची रचना, म्हणजे वस्तू आधी की माणूस आधी आणि मध्ये कोणते प्रिपोझिशन, हे ठळक अक्षरांत दिलेले असते. अर्थ माहीत असलेला शब्दही तेथे पाहावा, कारण येथे शोध अर्थाचा नसून रचनेचा आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन वळणांत फरक आढळला, जसे फॉर्म ‘फिल्ड इन’ की ‘फिल्ड आउट’, तर दोन्ही बरोबर समजावेत आणि एका कागदावर एकच वळण ठेवावे.

सहावी तपासणी : प्रिपोझिशन नेमके कशाला लागते आहे

ही सर्वांत अवघड, कारण येथे प्रत्येक शब्द बरोबर असतो. ‘द मेंबर्स विल बी इन्फॉर्म्ड ऑफ द मीटिंग ऑन मंडे.’ सोमवारी सभा आहे, की सोमवारी कळवले जाणार आहे? ‘ऑन मंडे’सारखे तुकडे त्यांना जवळ असलेल्या नामाला चिकटू पाहतात आणि लांबच्या क्रियापदालाही लागू शकतात. लिहिणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे त्याला दुसरा अर्थ दिसत नाही, म्हणून ही तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. मी अशा वाक्याखाली मजकूर आणणाऱ्याकडून मराठीत दोन शब्द लिहून घेतो : कधी कळवणार, आणि सभा कधी. मग कळवण्याचा वार असेल तर तो वाक्याच्या आरंभी नेतो, ‘ऑन मंडे, द मेंबर्स विल बी इन्फॉर्म्ड ऑफ द मीटिंग’. आणि सभेचा वार असेल तर ‘ऑफ द मीटिंग टू बी हेल्ड ऑन मंडे’ करतो. तीन-चार प्रिपोझिशने एका वाक्यात साचली असतील तर त्यांची जागा बदलत बसण्यापेक्षा वाक्याचे दोन भाग करणे कमी वेळाचे काम आहे.

कुठे थांबावे

सभेची नोटीस, परिपत्रक, निमंत्रण आणि साधे व्यापारी पत्र येथवरच्या तपासण्यांनी सुधारते. ज्या कागदावर सही झाल्यानंतर पैसे, मालकी किंवा हक्क ठरणार आहे तेथे मात्र भाषा जाणणाऱ्याने हात मागे घ्यावा. मुदतीचे प्रिपोझिशन कायद्यात कसे मोजले जाते हा व्याकरणाचा विषय राहत नाही. उदाहरणार्थ, केंद्रीय कायद्यांच्या बाबतीत १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ प्रमाणे मुदतीतला पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’ हे शब्द वापरणे पुरेसे मानले जाते. खासगी करारात दिवस कसे मोजायचे हे त्या कराराचा मजकूर आणि त्याला लागू होणारा कायदा यांवर ठरेल, आणि ते वकिलानेच सांगावे. करारात ‘विल बी’ आहे की ‘शॅल बी’ हेही मी परस्पर बदलत नाही. प्रिपोझिशन दोन्हीकडे तेच राहत असले तरी बंधनाची भाषा बदलू शकते.

परदेशी केळी पाठवणाऱ्यांच्या कागदांवर ‘विल बी डिलिव्हर्ड’च्या पुढे ‘ॲट’, ‘टू’ किंवा एखाद्या बंदराचे नाव येते, आणि एफओबी किंवा सीआयएफ यांसारखी आंतरराष्ट्रीय व्यापारातली माल पोहोचवण्याची अट ठरलेली असते. त्या अटीवरून मालाची जोखीम कोठे बदलते आणि भाडे कोणाकडे ते ठरते, त्यामुळे तेथील एकही शब्द कस्टम हाऊस एजंटला किंवा निर्यातीचे काम पाहणाऱ्याला विचारल्याशिवाय हलवू नये. न्यायालयात द्यायची प्रतिज्ञापत्रे, रुग्णालयातील संमतिपत्रे आणि निविदा यांनाही हेच लागू आहे. असा कागद वकिलाकडे नेताना इंग्रजी मसुद्याबरोबर आपल्याला काय म्हणायचे आहे ते मराठीत लिहून न्यावे. त्यात कोणी, काय, कोणत्या तारखेच्या आत किंवा कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या खर्चाने आणि कोठे, हे सुटे सुटे लिहिलेले असावे.